शकूकाकूंचे दोन पॉइंट सहा

शकूकाकूंना राग यायला मोठं कारण लागत नसे. समोरच्याने ‘साधारण’ म्हटलं, किंवा ‘असेल पाच-सहा’ म्हटलं, तरी पुरायचं.

त्यांचा पहिला राग माझ्या वाट्याला आला तो आम्ही नेपरव्हिलला टाउनहाउस घेतलं त्याच हिवाळ्यात. डिसेंबरातला पहिला मोठा स्नो पडून गेला होता. मी ड्राइव्हवेवर उभी राहून मुलीची शाळेची पट्टी गाडीच्या टपावर खुपसली होती आणि ठाण्याला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते, “हे बघ, सहा इंच.”

मागून आवाज आला, “काय मोजून राहिली तू?”

वळून पाहिलं. सत्तरीकडे झुकलेली एक बाई. अंगावर नवऱ्याचा असावा असा काळा ओव्हरकोट, डोक्यात तपकिरी माकडटोपी, हातात स्टीलची लांब पट्टी.

“स्नो,” मी म्हटलं.

“गाडी रात्री किती वाजता आणून लावली? इंजिन गरम होतं की थंड? वारा कुठून होता?”

मला यातलं एकही माहीत नव्हतं.

“मग तू स्नो नाही मोजला. आईला सांग, मला माहीत नाही म्हणून. खोटं नको सांगू.”

आणि त्या गेल्या. फोनवर आई विचारत होती, कोण गं त्या, म्हणून. मी इतकी चिडले होते की संध्याकाळी नवरा, सुहास, घरी आल्या आल्या त्याला सगळं ऐकवलं. तो हसला. “त्या शकूकाकू. देवतळे. सगळ्यांनाच बोलतात यार, मनावर घेऊ नकोस.”

दोन दिवसांनी सकाळी पावणेसातला दारावरची बेल वाजली. काकूच होत्या. “शिकायचं असेल तर ये. बूट घाल.”

त्यांच्या घरामागे, भिंतीपासून आणि झाडांपासून लांब, मोकळ्या हिरवळीवर दोन फूट बाय दोन फुटांची पांढऱ्या रंगाची प्लायवुडची फळी ठेवलेली होती. बर्फाखाली ती सापडावी म्हणून शेजारी काठीला लाल फडकं बांधलेलं. रोज सकाळी सात वाजता त्या फळीवरचा ताजा स्नो मोजायचा, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. मोजून झाला की फळी झाडून पुन्हा वर ठेवायची, म्हणजे पुढचा स्नो स्वच्छ फळीवर पडेल. फळी पांढरीच का, तर गडद रंग उन्हाने तापतो आणि तळचा स्नो वितळतो. गवतावर का नाही, तर गवताची पाती स्नोला उचलून धरतात आणि आकडा फुगतो. वारा असेल तर एका जागेवर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढायची, आणि कुंपणाला टेकून साचलेला ढीग त्यात धरायचा नाही. एवढं करून आलेला आकडा काकू हवामानाची नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका मंडळाला कळवायच्या. वीस वर्षं कळवत होत्या.

सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी शेवटी दाखवलं. पट्टी सरळ रोवली आणि दोन्ही गुडघे बर्फात टेकून त्या खाली वाकल्या, गाल जवळजवळ स्नोला लागेल इतक्या. “डोळा रेषेसमोर पाहिजे. उभ्याने पाहिलं की चुकतं. लोकांना गुडघे टेकायचे नसतात, म्हणून चुकतात.”

काकू नागपूरच्या. सायन्स कॉलेजातून बी.एस्सी. करून लग्नानंतर इकडे आल्या. नवरा इंजिनियर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी मिशिगनमध्ये ट्रॉयला. काकूंनी आयुष्यभर एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. मोजायची सवय तिथली असेल असं मला वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, नाही, ती पहिल्या हिवाळ्यातली. लग्न होऊन आल्या तेव्हा सकाळी रेडिओवर सांगितलं, चार इंच पडलाय. नवरा त्या भरवशावर साधे बूट घालून निघाला. दार उघडलं तर बर्फ पोटरीच्या वर. “तो चार इंच विमानतळावरचा होता,” काकू म्हणाल्या. “तिथला तिथे पडला. माझ्या दारात किती पडला हे विमानतळाला काय माहीत?” त्याच दिवशी त्यांनी दुकानातून पट्टी आणली.

लॅबमधली गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. एका पेशंटचा हिमोग्लोबिनचा आकडा त्यांना पटेना. पुन्हा तपासते म्हणाल्या. सुपरवायझर म्हणाला, मागच्या आठवड्यातल्यासारखाच लिही, गर्दी आहे. काकूंनी पुन्हा तपासलं. आकडा पुष्कळच खाली आला, त्या माणसाला आतून रक्तस्राव होत होता. तो वाचला. काकूंची मात्र पुढची तीन वर्षं संध्याकाळच्या शिफ्टला बदली झाली.

त्यांच्यापुढे ‘काय फरक पडतो’ म्हणायची सोय नव्हती. एका संक्रांतीला कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं. एक बाई सांगत होत्या, परवा फूटभर स्नो पडला. काकू म्हणाल्या, “सात पॉइंट चार.” त्या बाई हसल्या, “काकू, सात काय नि बारा काय, काय फरक पडतो?” काकूंनी हातातला तिळगूळ वाटीत परत ठेवला.

“फरक पडतो की नाही ते मोजल्यावर समजते. आधी नाही.”

आणि कोट घालून घरी गेल्या. पुढच्या वर्षीपासून त्यांना बोलावणं यायचं थांबलं. मला वाटतं त्यांना ते लागलं होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं नसतं.

त्यांच्याशी मुद्दाम ‘साधारण’मध्ये बोलायची हिंमत एकाच बाईत होती. शेजारची डोरोथी. एक्याऐंशी वर्षांची, एका शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेली, एकटी. ती खिडकीतून ओरडायची, “शॅकू, आज निदान दोन फूट असेल!” आणि काकू पट्टी उगारून तिच्या अंगावर जायच्या. दर गुरुवारी काकू स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन तिच्याकडे जात आणि तिच्या कॉफीला नावं ठेवत बसत. या कॉम्प्लेक्समध्ये काकूंना खऱ्या अर्थाने मैत्रीण होती ती तेवढीच. मी होते म्हणायचं, तर पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या हिवाळ्यात काकूंनी मला पट्टी हातात दिली. त्यांचा डावा गुडघा दुखायला लागला होता. तोवर मी फक्त लिहून घेत असे. वहीत प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी वाचला त्याचं अक्षर घालायची त्यांची पद्धत होती. इतकी वर्षं पानापानावर नुसता ‘श’ होता. आता अधूनमधून ‘अ’ दिसायला लागला. अ म्हणजे मी, अनघा.

फेब्रुवारीतली ती सकाळ. रात्रभर वारा होता, पहाटे स्नो थांबला. सात वाजता आम्ही पाच ठिकाणी मोजलं. दोन काकूंनी वाचले, तीन मी. सरासरी दोन पॉइंट सहा आली.

इथे आमच्या घरमालकांच्या असोसिएशनचा नियम सांगायला हवा. टाउनहाउसांमधले सामाईक रस्ते आणि पायवाटा साफ करायचं कंत्राट एका कंपनीकडे होतं. दोन इंच किंवा जास्त पडला तर त्यांनी सकाळी आठच्या आत येऊन साफ करायचं. दोनपेक्षा कमी असेल तर यायचं बंधन नाही. त्या दिवशी आठपर्यंत कुणी आलं नाही. काकूंनी त्यांना फोन केला, असोसिएशनलाही केला. उत्तर एकच, बघतो.

पावणेनऊला डोरोथी पत्र टाकायला टपालपेट्यांकडे निघाली आणि पायवाटेवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स येईपर्यंत काकू ओव्हरकोट तिच्या अंगावर टाकून नुसत्या स्वेटरवर तिच्याजवळ बसून होत्या. डोरोथी म्हणत होती, “शॅकू, यू विल कॅच कोल्ड.” काकू तिला गप्प बस म्हणत होत्या, मराठीत.

आठवड्याभरात डोरोथीच्या मुलीने असोसिएशनला वकिलाचं पत्र पाठवलं. कंपनीने कळवलं की विमानतळावर एक पॉइंट सात पडला होता, म्हणजे आमची जबाबदारी नाही. आमच्या असोसिएशनने तेच उचलून धरलं. वर एक वाक्य जोडलं, बाईंनी योग्य बूट घातले नव्हते.

असोसिएशनचा अध्यक्ष होता अविनाश. आपलाच, पुण्याचा, गणेशोत्सवात माइक हातातून न सोडणारा. सुहास त्याच्या बोर्डावर होता. एका रविवारी दुपारी दोघं काकूंकडे गेले. मी काकूंच्या स्वयंपाकघरात चहा करत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

“काकू, तुमच्या मोजण्याबद्दल आदरच आहे आम्हाला,” अविनाश म्हणाला. “पण त्या दिवशी वारा होता ना?”

“होता.”

“मग ड्रिफ्ट झाला असेल, उडून एका जागी साचला असेल. म्हणजे आकडा एकदम पक्का नाही, असं तुम्ही दोन ओळीत लिहून दिलंत तर सगळ्यांचंच टेन्शन जाईल.”

“वारा होता म्हणून पाच ठिकाणी मोजलं. दोन पॉइंट चार, दोन पॉइंट नऊ, दोन पॉइंट पाच, दोन पॉइंट सात, दोन पॉइंट पाच. सगळ्यात कमी होता तोही दोनच्या वर आहे.”

“काकू, जरा ॲडजस्ट करा. आपण सगळे इथे एकत्र राहतो. इन्शुरन्सचा प्रीमियम वाढेल, सगळ्यांना त्रास. डोरोथीची काळजी तिची मुलगी घेईलच.”

मग काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली.

“अविनाश, तुझी आई कितीची आहे?”

“आई? असेल पंच्याहत्तर, शहात्तर.”

“आईचं वयही अंदाजेच माहीत आहे तुला. ऊठ माझ्या घरातून.”

सुहास अविनाशच्या मागोमाग बाहेर पडला. मीही चहाचं आधण तसंच ठेवून मागच्या दाराने घरी गेले. तेव्हा स्वतःला सांगितलं, काकूंना आत्ता एकटं बसू द्यावं. खरं म्हणजे मला अविनाशसमोर यायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. चाळीसेक माणसं असतील. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, मोजलीस का? नाही मोजली. माझं लक्ष दुसरीकडे होतं. आदल्या दिवशी सुहास म्हणाला होता, “हे बघ, तू यात पडू नकोस. मी बोर्डावर आहे. अविनाशशी रोज तोंड बघायचंय. प्लीज.” आमची मुलगी ईरा टेबलाशी बसून ऐकत होती. “बट मॉम, यू वेअर देअर,” ती म्हणाली. मी तिला वर जाऊन होमवर्क कर म्हटलं.

मीटिंगमध्ये काकू वही घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या, काटछाट केलेल्या इंग्रजीत पाचही आकडे वाचले. अविनाशने वही मागितली. चष्मा वर करून पान बघितलं.

“हे घरगुती मोजमाप आहे,” तो सगळ्यांना म्हणाला. “एकट्या बाईंनी केलेलं. साक्षीदार कुणी नाही.” मग त्याची नजर पानाच्या कडेला गेली. त्याला मराठी वाचता येतं हे काकू विसरल्या नव्हत्या, मीच विसरले होते. “काकू, हा ‘अ’ कोण?” हे त्याने मराठीत विचारलं.

सुहास टेबलाकडे बघत होता. उठायला एक क्षण लागला असता. हात वर केला असता तरी चाललं असतं. मी मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि लावली.

काकूंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

“आकडा लिहिलेला आहे,” त्या म्हणाल्या. “वही परत दे.”

पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना गाठलं. काहीतरी बोलायला लागले, सुहास, बोर्ड, असं काहीतरी. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“तुझं नाव मी घेतलं नाही, ते तुझ्यासाठी नाही. घाबरलेल्या माणसाची साक्ष मला नको होती.”

इतक्या वर्षांत त्यांचं ओरडणं खूप ऐकलं होतं. हे त्या ओरडून बोलल्या नाहीत, म्हणून ते अजून जात नाही.

पुढच्याच आठवड्यात काकूंना असोसिएशनचं पत्र आलं. सामाईक हिरवळीवर परवानगीशिवाय कुठलीही वस्तू ठेवता येणार नाही. बावीस वर्षं ती फळी कुणाच्या डोळ्यांत आली नव्हती. पत्राला उत्तर द्यायला सात दिवसांची मुदत होती आणि तिसऱ्या दिवशी माळीकाम करणारी माणसं येऊन ती फळी, काठी आणि लाल फडक्यासकट उचलून घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होते. काकू मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. फळीच्या जागी पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग दार इतक्या जोरात आपटलं की माझ्या खिडकीची काच हादरली.

मार्चमध्ये दोनदा स्नो पडला. घरामागच्या स्वतःच्या फरसबंद पॅटिओवर मोजता आलं असतं, पण पॅटिओ भिंतीला लागून, भिंत गरम. काकूंना ते चालणारं नव्हतं. दुसऱ्या वेळी मी न राहवून दुपारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं नाही. मागे टेबलावर वही उघडी होती. त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिलं होतं, ‘मोजला नाही’. वरच्या ओळीतही तेच. बावीस वर्षांत त्या वहीत हे दोन शब्द कधी आले नव्हते.

मी घरी आले आणि लिहायला बसले. त्या सकाळी किती वाजता निघालो, पाच जागा कुठल्या, कुठल्या जागी कुणी वाचलं, सगळं लिहून खाली सही केली. सुहास आला तेव्हा त्याला वाचायला दिलं. आमचं मोठं भांडण झालं. तो म्हणाला, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी म्हटलं, जागा आपण दोघांनी त्या मीटिंगमध्येच घालवली. आठ-दहा दिवस आम्ही घरात एकमेकांशी कामापुरतं बोललो. मग त्याने बोर्डाचा राजीनामा दिला. का दिला ते मला त्याने अजून सांगितलेलं नाही.

कागद मी डोरोथीच्या मुलीला पाठवला आणि एक प्रत काकूंना नेऊन दिली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

“सहा पन्नासला नाही, सहा पंचावन्नला निघालो,” त्या म्हणाल्या. “दुरुस्त कर आणि परत पाठव.”

एवढंच. उशीर केलास असंही म्हणाल्या नाहीत. मी घरी जाऊन दुरुस्त केलं.

मे महिन्यात इन्शुरन्सवाल्यांनी डोरोथीच्या बाजूने तडजोड केली. बर्फ काढणारी कंपनी बदलली. नव्या कंत्राटात विमानतळाचा आकडा धरणार नाही, इथेच मोजणार, असं कलम आलं. अविनाशने ते कलम आपणच सुचवल्याच्या थाटात सगळ्यांना ईमेल केलं. तो अजून अध्यक्ष आहे. गणपतीत अजून माइक त्याच्याकडे असतो, आणि तो ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं म्हणायला लागला की मी चपला शोधायला बाहेर जाते.

डोरोथी घरी परतली नाही. शस्त्रक्रिया नीट झाली, पण नंतर न्यूमोनिया झाला आणि त्यातून ती उठली ती अर्धवट. तिचं टाउनहाउस विकलं गेलं, तिला पलीकडच्या गावातल्या एका केअर होममध्ये ठेवलं. कलम, कंत्राट, तडजोड, यातलं काहीही तिला कुणी समजावून सांगू शकलं नाही.

जूनमध्ये काकूंनी घर विकायला काढलं आणि ट्रॉयला मुलीकडे जायचं ठरवलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. मला म्हणाल्या, “इथे आता कोणाला गुड मॉर्निंग म्हणायची इच्छा नाही होत.” त्यात मी होते की नव्हते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन केला. हायवेवर त्या गाडी चालवत नसत. “डोरोथीकडे सोडशील का?”

केअर होम स्वच्छ होतं, फरशी चकचकीत, भिंतीवर फुलांची चित्रं. डोरोथी खिडकीशी व्हीलचेअरवर बसली होती. तिचे पांढरे केस, जे ती रोज पिना लावून नीट बसवायची, मागे एका गाठीत गुंतून मानेला चिकटले होते. काकू दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा मी ओळखत होते.

“तू बाहेर थांब,” त्या मला म्हणाल्या.

मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले. तिथे काम करणारी एक मुलगी आत गेली.

“हिचे केस शेवटचे कधी विंचरले?” काकूंचा आवाज आला.

“कपल ऑफ डेज, मॅम.”

“कपल म्हणजे किती?”

मुलगी गोंधळली. म्हणाली, बघून सांगते, आणि बाहेर पडून घाईघाईने निघून गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. काकूंनी पर्समधून फणी काढली, डोरोथीच्या मागे उभ्या राहिल्या. रागाने त्यांचे खांदे वरखाली होत होते. त्यांनी डाव्या मुठीत केसांचं मूळ घट्ट धरलं, म्हणजे ओढ डोक्याला लागू नये, आणि टोकाकडून, एकेक गुंता सोडवत, वर यायला लागल्या. डोरोथीने मान हलवली.

“हलू नको गं,” काकू तिला मराठीत म्हणाल्या. “थोडंच राहिलं.”